कोंढाणा उंदीर आणि आंबोलीचा झाडबेडूक: नववीच्या मुलींना काय सांगू?

माळरानची_बाई (सोलापूर):
मागच्या आठवड्यात नववीच्या मुलींना नान्नजला माळढोक अभयारण्यात नेलं होतं. माळढोक काही दिसला नाही. परतताना एकीनं विचारलं, "बाई, माळढोकऐवजी उंदीर असता तर अभयारण्य केलं असतं का?" मला उत्तर सुचेना. मग सिंहगडावरच्या कोंढाणा उंदराबद्दल आणि आंबोलीच्या झाडबेडकाबद्दल वाचलं. आता मुलींना दोघांचा तक्ता करायचाय. दोघांचं संकट एकच म्हणायचं का?

गडवाटेवरचा:
एकच नाही, बाई. हा उंदीर फक्त सिंहगडाच्या माथ्यावर सापडतो. १९७५ साली शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं. रात्री बाहेर पडतो, दिवसा बिळात. त्याचं सगळं जग म्हणजे तो एक डोंगर, आणि त्याच डोंगरावर रविवारी पिठलं-भाकरीला आपली गर्दी. माती तुडवली गेली, गवत चरून संपलं की बीळ करायचं कुठं? मी आता कणसाचा बुरकुंडासुद्धा पिशवीत घालून खाली आणतो.

घाटपाऊस:
बेडकाचं वेगळं आहे. त्याला २००९ मध्ये नाव मिळालं. तो आंबोलीशिवाय कर्नाटकातल्या घाटातही सापडलाय, म्हणजे एका डोंगरात अडकलेला नाही. पण तो त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे सावली तुटली, हवा कोरडी झाली की संपलं. त्याच्या जवळच्या जातींत अंड्यातून टॅडपोल (पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू) येत नाही, थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो! डबकं लागत नाही, पण अंड्यांना ओल लागतेच. आंबोलीत सात हजार मिलिमीटर पाऊस, तुमच्या सोलापुरात सहाशेच्या आसपास. मुलींना हा आकडा आधी सांगा.

मोहोळचा_शेतकरी:
आम्ही ज्वारीत उंदराला औषध घालतो, खोटं कशाला बोलू. पण शेतातला मऊ केसांचा उंदीर याच कोंढाण्याचा भाऊबंद, हे आज कळलं. तो गावोगाव आहे, हा एका गडावर. बेडकासाठी पावसाळ्यात कॅमेरे घेऊन लोक आंबोलीला जातात. उंदरासाठी कोण जातंय ओ?

माळरानची_बाई:
दादा, नेमकं हेच त्या मुलीनं विचारलं होतं. तक्त्यात एका बाजूला बीळ, दुसऱ्या बाजूला ओलं पान काढायला सांगते. आणि उंदराचं चित्र मोठं काढायचं.