मदत हवी आहे: ५१२ एमबीच्या सर्व्हरवर जँगो सारखं बंद पडतंय

रातकिडा
जँगोची (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कची) साइट ५१२ एमबी मेमरीच्या सर्व्हरवर टाकली आहे. काही तास मस्त चालते, मग एकदम ५०२ (मागून नीट उत्तर आलं नाही, ही एरर). गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरू. जँगोच्या लॉगमध्ये एक ओळ नाही. लोकलला काहीच होत नाही. सोमवारी साहेबांना दाखवायची आहे, त्यामुळे 'मोठा सर्व्हर घ्या' सोडून काहीही सांगा. लवकर!

टाचणी
गनिकॉर्नचे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) किती? डेटाबेस त्याच मशीनवर आहे का? स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आहे का? ५०२ येतो तेव्हा साइटवर कोण काय करत असतं? हे कळल्याशिवाय सगळे प्रतिसाद अंदाजपंचे येतील.

जुनंखोड
पीएचपीत ही भानगडच नाही. रिक्वेस्ट संपली, मेमरी मोकळी. पण आजकाल ऐकतो कोण.

उंबरठा
सेटिंग्जमध्ये डीबग ट्रू राहिलं असणार. मग जँगो डेटाबेसच्या सगळ्या क्वेऱ्या मेमरीत साठवत बसतं. फॉल्स करा, सुटलात.

टाचणी
@उंबरठा, ती यादी प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला रिकामी होते आणि तिला ९००० ची मर्यादाही आहे. बराच वेळ चालणाऱ्या मॅनेजमेंट कमांडला (टर्मिनलवरून चालवायच्या जँगोच्या कमांडला) त्याचा त्रास होतो, साइट पडायला ते कारण पुरत नाही. प्रॉडक्शनवर फॉल्सच हवं, ते वेगळ्या कारणासाठी.

रातकिडा
डीबग फॉल्सच आहे हो. वर्कर ५. कोअर २ आहेत, डॉक्युमेंटेशनमधल्या सूत्राने ५ येतात. डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेस, तिथेच, अजून कुठे असणार? स्वॅपच्या रकान्यात शून्य दिसतंय.

टाचणी
दुखणं बहुतेक इथेच आहे. दोन गुणिले कोअर अधिक एक हे सूत्र सीपीयूचं, त्यात मेमरी कुठेच येत नाही. बरीच पॅकेजेस असलेला जँगोचा एक वर्कर ८०-१०० एमबी सहज खातो. पाचांनी गुणा, वर पोस्टग्रेस.
आणि लॉग रिकामा का? मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेसला सिगकिल, म्हणजे जागीच मारणारा सिग्नल, पाठवतो. तो सिग्नल पायथनला पकडताच येत नाही, मग लिहिणार कोण? डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'आउट ऑफ मेमरी' शोधा. तिथे नसेल तर माझा तर्क चुकला.

कंसातला
गुणाकार चूक आहे. आरएसएसची (प्रोसेसच्या नावावर दिसणाऱ्या मेमरीची) बेरीज केली की सामायिक पानं (मेमरीचे तुकडे) प्रत्येक वर्करच्या नावावर पुन्हा मोजली जातात. पीएसएस बघावं, त्यात ती पानं वाटून मोजतात. प्रीलोड (वर्कर निघण्याआधी ॲप एकदाच लोड करणं) लावलं तर पाच वर्करसुद्धा बसतील.

टाचणी
प्रीलोड लावलंय असं ते कुठे म्हणाले? शिवाय पायथनमध्ये नुसतं वाचलं तरी रेफरन्स काउंट (ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत तो आकडा) बदलतो, म्हणजे पानाची वेगळी प्रत झालीच.

कंसातला
त्यासाठीच ३.७ पासून जीसी (मेमरीतला कचरा गोळा करणारा) फ्रीझ करायची सोय आहे.

टाचणी
ते कचरा गोळा करणाऱ्यापुरतं. रेफरन्स काउंट त्याने थांबत नाही.

सावळी_सांज
एसएसएल सर्टिफिकेटचं आपोआप नूतनीकरण चालू आहे ना, तेही तपासून घ्या. सर्टबॉटचा टायमर बंद असतो आणि मग ऐन वेळी फजिती होते.

रातकिडा
सर्टिफिकेट ठीक आहे 🙏 डीमेसेजमध्ये सापडलं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे गनिकॉर्न. वेळा जुळवून बघितल्या, दर वेळी कोणीतरी एक्सेल रिपोर्ट काढत होतं.

टाचणी
कसला एक्सेल रिपोर्ट??

रातकिडा
सगळ्या नोंदींचा. ओपनपायएक्सेल (पायथनची एक्सेल लायब्ररी) वापरतो. नेहमीचंच फीचर आहे, त्यात सांगण्यासारखं काय?

कंसातला
आता मजा आली. ओपनपायएक्सेलच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की मेमरी फाइलच्या साधारण ५० पट लागते, ५० एमबीच्या फाइलला २.५ जीबी. राइट-ओन्ली मोड लावा, त्यात ओळी मेमरीत साठून राहत नाहीत. क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून येणाऱ्या नोंदींवर) नुसता फॉर लूप फिरवला की सगळे ऑब्जेक्ट कॅशमध्ये राहतात, म्हणून इटरेटर वापरा, सोबत व्हॅल्यूज लिस्ट (पूर्ण ऑब्जेक्टऐवजी नुसत्या किमती). प्रीफेच (संबंधित नोंदी आधीच आणणं) असेल तर जँगो ४.१ च्या पुढे चंक साइज, म्हणजे एका वेळी किती नोंदी, सांगावा लागतो.

टाचणी
यावर आपलं एकमत. तोवर वर्कर दोन करा आणि १ जीबी स्वॅप फाइल बनवा. एफएसटॅबमध्ये (बूट होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) ओळ टाका, नाहीतर रीबूटनंतर स्वॅप गायब.

जुनंखोड
स्वॅप म्हणजे सर्व्हर रांगायला लावणं. त्यापेक्षा सरळ मेलेला बरा.

टाचणी
रोज स्वॅपवर चालवा असं कोण म्हणतंय? सुरू होताना एकदाच लागणारी, नंतर कोणी न विचारणारी पानं तिकडे जाऊन पडतात. पोस्टग्रेसचा बळी जाण्यापेक्षा ते परवडलं.

रातकिडा
वर्कर दोन, स्वॅप केली. आता प्रोसेस मरत नाही, पण रिपोर्ट काढला की 'वर्कर टाइमआउट' आणि पुन्हा ५०२!! काय कटकट आहे.

कंसातला
हा दुसरा आजार. सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणारा) ३० सेकंदांत मोकळा झाला नाही की मास्टरच त्याला मारतो. जीथ्रेड (थ्रेड वापरणारा) वर्कर घ्या, तिथे एका लांबलेल्या रिक्वेस्टपायी वर्कर मारला जात नाही. एनजिनएक्सची (गनिकॉर्नच्या पुढे बसलेल्या वेब सर्व्हरची) मुदत मात्र वेगळी, ६० सेकंद.

टाचणी
थ्रेड्स लावले तरी लांबलेला रिपोर्ट एनजिनएक्सपाशी अडकणारच. रिपोर्ट रिक्वेस्टमधून बाहेर काढा. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनातून) मॅनेजमेंट कमांड चालवून फाइल तयार ठेवा, बटण फक्त ती फाइल देईल. सेलरी आणि रेडिसच्या (कामं रांगेत लावून मागे चालवायच्या साधनांच्या) नादी लागू नका, त्या वर्करांना पुन्हा मेमरी लागेल.

जुनंखोड
क्रॉन! शेवटी आमच्याच काळातलं कामाला आलं.

रातकिडा
राइट-ओन्ली आणि इटरेटर लावल्यावर रिपोर्ट मिनिटाच्या आत येतोय. जीथ्रेडवर टाकला, ५०२ नाही. क्रॉनचं सोमवारनंतर बघतो. तोवर ते बटण मेनूतून लपवलंय.

उंबरठा
माझंही असंच होतंय, पण माझ्याकडे एनपीएमचं (जावास्क्रिप्टच्या पॅकेज साधनाचं) बिल्डच मध्ये मरतं. तेवढाच सर्व्हर. काय करू?

टाचणी
बिल्ड सर्व्हरवर करूच नका. आपल्या मशीनवर करून तयार फाइली चढवा. आणि कृपया नवा धागा काढा.