तळमजल्याच्या गॅरेजमध्ये विमान: सोसायटीच्या ग्रुपवर

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. सी-१०२ यांच्या बंद गॅरेजबद्दल दोन तक्रारी आल्या आहेत. एक धडधड आवाजाची, दुसरी सडक्या वासाची. त्यांना विचारलं तर म्हणाले, आत दोन सीटचं विमान बांधतोय. मी दोनदा विचारून खात्री केली. ज्यांना काही बोलायचंय त्यांनी इथेच बोला, सभेत वेळ जायला नको. गुड मॉर्निंगचे फोटो आज कृपया टाकू नका.

डी-३०२: उडणारं विमान??

सी-१०२: उडणारं, पण इथून नाही. किट आहे. पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून येतात, जोडायचं आपण. इथे फक्त सांगाडा होईल. पेट्रोल भरणं आणि इंजिन चालू करणं विमानतळाच्या हँगरमध्ये. आणि उडवायचं ते विमान वाहतूक खात्याची परवानगी मिळाल्यावरच.

बी-२०२: तुमच्या गॅरेजच्या बरोब्बर वर माझी बेडरूम आहे. आवाजाचं सांगा आधी.

सी-१०२: वहिनी, तो आवाज रिव्हेट गनचा. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडायची धातूची छोटी खीळ. एका बाजूने हवेवर चालणारी गन ठोकते, दुसऱ्या बाजूने पोलादी ठोकळा धरायचा, मध्ये रिव्हेटचा दांडा चेपून त्याचं डोकं तयार होतं. पण गन वाजते सगळ्यात शेवटी. त्याआधी पत्रे क्लेकोने, म्हणजे स्प्रिंगच्या पिनांनी, तात्पुरते जोडायचे, भोकं अंतिम मापाची करायची, मग सगळं परत सुटं करून प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढायची, प्रायमर मारायचा, पुन्हा जोडायचं. महिनाभर मी आत नुसता बरच काढत होतो, तेव्हा कोणाला पत्ताही नव्हता.

ए-७०१: बर दोन्ही बाजूंनी काढतोस ना?

सी-१०२: हो काका.

ए-७०१: आणि डोकं?

सी-१०२: दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद, व्यासाच्या निम्म्याइतकं जाड. गेज लावून बघतो.

ए-७०१: बसलं नाही नीट तर?

सी-१०२: डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल, डोकं तोडायचं, दांडा पंचने हळूच बाहेर. ड्रिल घसरलं की भोक मोठं होतं, मग पुढच्या मापाचं रिव्हेट टाकावं लागतं. म्हणून किंचित तिरकं बसलेलं कधी कधी तसंच ठेवणं बरं. दुरुस्तीतच जास्त नुकसान होतं.

ए-७०१: बरोबर. सेक्रेटरी, या मुलाला काम येतंय. बाकीचं तुम्ही बघा.

बी-२०२: काम येतंय हे ठीक, मला झोप येत नाहीये त्याचं काय?

डी-३०२: पत्र्याऐवजी फायबरचं केलं तर ठोकाठोकच नाही ना?

सी-१०२: तसल्या विमानांचीही एक जात आहे. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचं व्हेरीईझी १९७५ मध्ये उडालं, ते तसलंच. फोमचा ठोकळा गरम तारेने पंखाच्या आकारात कापायचा आणि त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारं चिकट रेझिन. रिव्हेट नाहीत. पण मग घासकाम सुरू होतं, आणि ती बारीक धूळ तुमच्या खिडक्यांपर्यंत येईल. शिवाय इपॉक्सीची अनेकांना त्वचेवर ॲलर्जी होते. आवाज हवा की धूळ?

बी-२०२: दोन्ही नको.

सेक्रेटरी: वासाचा मुद्दा राहिला.

सी-१०२: तो पंखातल्या पेट्रोल टाकीच्या सीलंटचा. टाकी ॲल्युमिनियमची, रिव्हेटनेच जोडलेली, म्हणजे प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रिव्हेट ही गळायची जागा. तिथे पॉलिसल्फाइड नावाचं हे सीलंट भरतात. दोन भाग वजन करून कालवायचे, काळी चिकट लापशी होते, त्यात गंधकाची जात असल्याने वास. घट्ट होण्याआधी ठरावीक वेळ मिळतो, त्यात हात चालवायचे. हातमोजे तीनदा बदलले तरी दाराच्या कडीला, चष्म्याला लागतंच. एक टाकी झाली, दुसरी बाकी आहे.

ए-१०५: म्हणजे परवा खिडकीतून पंखाला बांधलेला फुगा दिसला तो...? आमची धाकटी विचारत होती, वाढदिवस कोणाचा.

सी-१०२: हाहा, ती गळतीची चाचणी. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, हवा जायच्या नळीला फुगा लावायचा आणि हातपंपाने जेमतेम हवा भरायची. कॉम्प्रेसर थेट लावला तर सांधेच उचकटतील. फुगा फुगलेला राहिला तर टाकी चांगली. पण पहिल्या सकाळी तो निम्मा झालेला! सगळे सांधे साबणाच्या पाण्याने पुसले, कुठेच बुडबुडा नाही. दुपारी ऊन चढलं तसा आपोआप पुन्हा टम्म. रात्रीच्या गारव्यात आतली हवा आकसली होती. म्हणून नुसत्या फुग्यावर भरवसा नाही, साबणपाणी हवंच.

ए-१०५: तिला दाखवायला आणू का?

सी-१०२: आणा की. दुसऱ्या टाकीच्या वेळी फुगा तीच लावेल.

डी-५०१: फॉरवर्डेड: घरी बनवलेली विमाने म्हणजे उडती शवपेटी!! प्रत्येक जागरूक नागरिकाने हा मेसेज पुढे पाठवा!!

ए-७०१: पाठवायच्या आधी आकडे बघत जा. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये या विमानांचा अभ्यास केला. खासगी व हौशी उड्डाणांच्या ताफ्यात ही जवळजवळ १० टक्के. २०११ च्या अपघातांत मात्र सुमारे १५ टक्के, जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. शवपेटी नाही, पण कारखान्यातल्या विमानापेक्षा धोका जास्त, हे नक्की. आता सी-१०२ ने सांगावं यावर काय करणार.

सी-१०२: आकडे खरे आहेत काका, मी ते किट मागवायच्या आधीच वाचलेत. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. २०११ च्या त्या अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं बांधणाऱ्याने नाही, विकत घेतलेल्या माणसाने उडवली होती. आणि मुख्य कारणं दोन: हवेत ताबा सुटणं आणि इंजिन बंद पडणं. इंजिन बंद पडायचं मूळ पुष्कळदा पेट्रोलच्या वाटेत असतं. म्हणून उडवायच्या आधी नाक वर करून, चढताना असतं तसं विमान ठेवून, पेट्रोल किती वेगाने येतं ते मोजायचं. पंप असेल तर इंजिनाच्या पूर्ण ताकदीच्या गरजेच्या १२५ टक्के, नुसतं उतारावरून येत असेल तर १५० टक्के. तेवढं आलं नाही तर विमान जमिनीवरच राहील.

ए-७०१: आणि ताबा?

सी-१०२: तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन, त्यावरून गुरुत्वमध्य. तो मागे गेला की विमान आवरत नाही. शिवाय पहिलं उड्डाण मी करणार नाही, या जातीच्या विमानावर सराव असलेला वैमानिक करेल. मला हौस आहे, पण तेवढी नाही.

बी-२०२: घरच्यांना बसवणार का त्यात?

सी-१०२: चाचणीचे तास संपेपर्यंत कोणालाच नाही. अमेरिकेत ते सहसा २५ किंवा ४० तास असतात, इंजिन आणि प्रोपेलर प्रमाणित आहेत की नाहीत त्यावर. नंतरही आत पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. वाचून ज्याचं त्याने ठरवावं.

सी-१०२ (ताई): मी पाटी वाचली. अजून ठरवलेलं नाही.

डी-३०२: ताई 🙏

डी-३०२: पण एवढी लोकं खरंच घरी बांधतात? मला वाटलं हे एखाद्याचंच वेड.

सी-१०२: अरे, हौशी बांधणाऱ्यांची संघटना ईएए पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये सुरू केली. किट बनवणाऱ्या व्हॅन्स या एकाच कंपनीची, लोकांनी बांधलेली ११,००० हून जास्त विमानं उडाली आहेत. बरीचशी अशाच गॅरेजमधून निघालेली.

ए-१०५: निघालेली म्हणजे कशी? दारातून पंख निघणार का? की भिंत पाडायला परत अर्ज?

सी-१०२: पंख सुटे. स्पारला, म्हणजे मुख्य आडव्या तुळईला, मोठ्या बोल्टांनी बसतात, तेही विमानतळावर. इथून चाकांच्या घोडीवर, पुढची कड खाली करून, उभे जातील. शेपटीचा आडवा भागही सुटा. राहिलं मधलं धड, ते स्वतःच्या चाकांवर. दाराची रुंदी किट मागवण्याआधी मोजली आहे, बिजागऱ्या धरून.

सेक्रेटरी: ठीक. कमिटीच्या अटी लिहून घ्या. गॅरेजमध्ये पेट्रोलचा थेंबही नको. प्रायमर आणि सीलंटच्या कामाच्या आदल्या दिवशी इथे सूचना. अग्निशामक सिलिंडर दाराजवळ. गनसाठी दिवसातले दोन तास, वेळ बी-२०२ वहिनी ठरवतील.

सी-१०२: सगळं मान्य. दोन तास भरपूर झाले. अडचण वेगळीच आहे, ठोकळा धरायला माणूस मिळत नाही. पंखाच्या आत कोपरापर्यंत हात घालून तो धरावा लागतो, आणि गन मारणारा दुसऱ्या बाजूला असतो, एकमेकांचं तोंड दिसत नाही.

डी-५०१: माणूस लावा पगारावर.

सी-१०२: तीच पंचाईत. हे किट ज्या अमेरिकी नियमाला धरून बनलंय त्यात निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं लागतं. ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. पैसे देऊन करून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. शेजाऱ्याने हौसेने केलेलं चालतं. प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदवही ठेवतो ती त्यासाठीच.

ए-७०१: रविवारी येतो. ठोकळा किती वजनाचा आहे? माझ्याकडे एक जुना आहे, तोंड पॉलिश केलेलं.

सी-१०२: काका, तोही घेऊन या!!

बी-२०२: रविवारी सकाळी ११ ते १. आणि खोळंबा नको, मी घड्याळ लावून बसणार आहे.

ए-७०१: वहिनी, घड्याळ लावून वर बसण्यापेक्षा खाली या. नोंदवही लिहायलाही माणूस लागतोच.

बी-२०२: अक्षर चांगलं आहे माझं. बघते.