तेरचे लामतुरे संग्रहालय आणि पाँपेईची हस्तिदंती मूर्ती

तेरणाकाठ :
नमस्कार. पुढच्या महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे जाण्याचा बेत आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी जुळते, असे अनेकदा वाचले. काही जण तर पाँपेईची मूर्ती तेरमध्येच घडली, असे ठामपणे सांगतात. त्याला आधार काय? शिवाय त्या मूर्तीखेरीज कोणत्या वस्तूंपुढे थांबावे?

मृण्मयी :
केओलिन या पांढऱ्या, मऊ मातीच्या मूर्तिकांसाठी वेळ राखून ठेवा. पुढचा आणि मागचा भाग निरनिराळ्या साच्यांत दाबून ते ओले असतानाच जोडत, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ राही. एका मूर्तिकेच्या कानामागून खांद्यापर्यंत उतरलेली सांध्याची पुसट रेघ मला दिसली आणि कारागिराचा अंगठा तिथे फिरला असेल, या विचाराने मी बराच वेळ हलले नाही. गावातले विटांचे त्रिविक्रम मंदिरही चुकवू नका. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असल्याने ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

जुनी पांढर :
मूळ प्रश्नाविषयी लिहितो. पाँपेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले आणि तेथील मूर्ती 1938 साली उजेडात आली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरप्रमाणेच जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही मिळाल्यामुळे पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, हे मत बळावले. मात्र तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून ‘तेरमध्येच घडली’ असे छातीठोकपणे म्हणणे मला पटत नाही. तेरचा पश्चिमेशी असलेला व्यापार मात्र निर्विवाद आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील ‘तगर’ नगराचा उल्लेख असून तेथील सुती कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजे तेर, ही ओळख पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये पटवून दिली.

मृण्मयी :
खरोष्ठी अक्षराचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, आभार.

जुनी पांढर :
एक राहिले. लामतुरे यांचा संग्रह मुख्यतः गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, पावसाने माती धुपून वर आलेल्या आणि लोकांना सापडलेल्या वस्तूंचा आहे. त्यांनी तो आयुष्यभर जपला नसता तर हे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि मूर्तिका कुठल्या कुठे गेल्या असत्या. अशा वस्तू मातीच्या कोणत्या थरातल्या, हे कळत नाही, म्हणून त्यांचा काळ ठरवताना 1958 साली चापेकर यांनी केलेल्या उत्खननातील वस्तूंशी ताडून पाहावे लागते. दालनात फिरताना प्रत्येक वस्तू थरातून आली की पांढरीवरून वेचली, हे तेथील कर्मचाऱ्यांना अवश्य विचारा.