लावसट, गिऱ्हा, देवचार: जुन्या नोंदींतली भुतं आणि त्यांची नावं

अडगळ:
'इंडियन अँटिक्वरी' या शोधनियतकालिकातल्या लोकसमजुतींच्या नोंदी चाळते आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली मुंबईत ते सुरू केलं. नाव झालं शिलालेख आणि ताम्रपटांमुळे, पण कहाण्या, म्हणी, नवससायास यांचाही त्यात भरपूर साठा आहे. त्यातूनच पुढे वेगळी छापलेली कोकणची टिपणं (१९१५, संपादक रेजिनाल्ड एन्थोवेन) हाताशी आहेत. त्यांत भुतांची लांबलचक यादी आहे. मजकूर इंग्रजी, नावं मराठी पण रोमन लिपीत, आणि माझ्याकडच्या टंकित प्रतीत उच्चाराच्या खुणा नाहीत. वेताळ, मुंजा, खवीस, हडळ ही मंडळी लगेच ओळखू आली. पण 'एल ए व्ही एस ए टी' म्हणजे लवसत, लावसट की लांवसट? आणि 'जी आय आर एच ए' म्हणजे गिरहा का? अर्थही हवे आहेत. शब्दकोशात 'एक पिशाच्च' एवढ्यावरच बोळवण होते.

बोरू:
लावसट. शेवटी ट. नुसतं 'लाव' असंही म्हणतात.
दुसरा शब्द गिऱ्हा. यातला ऱ्ह हा तऱ्हा, कुऱ्हाड, वऱ्हाड यांतला. 'गिर्हा' असं टंकलंत तर रफार हच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि पुढे शोधताना शब्द सापडत नाही. व्युत्पत्तीचं म्हणाल तर ग्राहकाचं गिऱ्हाईक, ग्रहणाचं गिऱ्हाण झालं, त्याच वाटेने ग्रह किंवा ग्राह (म्हणजे मगर) यावरून गिऱ्हा आला असावा. मला ग्राह जास्त पटतो, कारण हे भूत पाण्यातलं. बुडून मेलेल्याचं. ओढ्याच्या उतारावर, खाडीत माणसाला भुलवतं, धरतं. त्याचा केस हाती लागला तर तो आपला चाकर होतो, अशी गोष्ट कोकणात सांगतात.

पानसुपारी:
लावसट ही आमच्याकडे शिवी आहे. भूतबीत कोणाच्या मनातही नसतं. केस मोकळे सोडून दारात उभं राहिलं की आजी म्हणायची.

बोरू:
नेमकं तेच. आज हडळ, जखीण, लावसट या तिन्ही शिव्या आणि तिन्हींचा अर्थ एकच, 'भयंकर बाई'. त्या नोंदींत मात्र तीन वेगळ्या बायका आहेत. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. म्हणजे मरताना कपाळावर कुंकू होतं की नाही, यावर भुताचं नाव ठरतं. जखीण हा शब्द यक्षिणीवरून आला, तिथे कुंकवाचा काही संबंध नव्हता. तो इकडे जोडला गेला.
पुरुषांचंही तसंच. मुंज झाली पण सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवण्याचा विधी) व्हायच्या आत गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. वासना अडकलेला ब्राह्मण समंध होतो आणि पुरलेल्या धनावर बसतो. मुसलमानाचा खवीस होतो, मूळ अरबी शब्द खबीस. झोटिंग कोळी-खारव्यांकडचा. आता 'झोटिंगशाही' म्हणताना कोणाला भूत आठवतं?

अडगळ:
आमच्या घरी बाळंतपणात गेलेल्या बाईला अळवंतीण म्हणायचे, हडळ नाही.

बोरू:
अळवंतीण देशावरही ऐकू येते. हडळीचा अर्थ तिकडे सैल आहे. दोन्ही नोंदवा.

शंकासुर:
जरा थांबा. ही वर्गवारी इतकी चोख दिसते याचंच मला भय वाटतं. नोंदी आल्या कुठून ते बघा. ए. एम. टी. जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्याने ही सामग्री जमवली. नाशिकचा कलेक्टर तोच. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या, तो. संस्कृतचा जाणकार म्हणून 'पंडित जॅक्सन' म्हणत त्याला. तो गेल्यावर एन्थोवेनने ते सगळं लावून छापलं, गुजरातचा भाग १९१४ साली आणि कोकणचा त्यानंतर वर्षाने.
माहिती दिली गावोगावच्या शाळामास्तरांनी. तळटीपांत बघा, 'शाळामास्तर, अमुक गाव, अमुक जिल्हा'. नाव बहुधा नाहीच. साहेबाकडून छापील प्रश्न आले, 'तुमच्या गावात भुतांचे प्रकार किती?', की मास्तर प्रकार पाडणारच. विहिरीवरच्या बाईला विचारलं असतं तर तिने 'पिंपळाखालची ती' एवढंच सांगितलं असतं. मास्तर मराठीत काय म्हणाले तेही छापलेलं नाही. आपल्यापुढे आहे तो इंग्रजी उतारा. त्यामुळे 'कोकणात असं मानतात' असं सरसकट लिहू नका. 'अमुक गावच्या मास्तरांनी असं कळवलं' असं लिहा.

मालवणी मुलूख:
शंकासुराशी सहमत, आणि पुरावा देवचाराचा. त्या यादीत देवचार भुतांच्या रांगेत बसवलाय, लग्न झालेला शूद्र मेला की देवचार होतो म्हणे. आमच्याकडे येऊन असं बोलून बघा. देवचाराक भूत म्हणशात तर गावकार तुमका दारात उभे करूचे नाय.
दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार हा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन गावाच्या शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. त्याला रोट देतात, विडी देतात, दारूही देतात, आणि गाऱ्हाणं घालताना त्याचं नाव मानाने घेतात. गोव्यातले ख्रिस्ती शेजारीही त्याला नारळ ठेवतात. हा भूत कसा?

बोरू:
गंमत म्हणजे त्या नोंदीतच खूण आहे. देवचार गावाच्या चारी बाजूंना राहतो, मसणातली इतर भुतं त्याच्या हुकमात असतात, आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ, केळी, साखर देतात, असं पुढे लिहिलंय. म्हणजे माहिती राखणदाराचीच आहे. मास्तरांना तो भेद ठाऊक असावा. प्रकरणाच्या मथळ्यामुळे बिचारा भुतांत गेला.

शंकासुर:
किंवा मास्तर घाटावरचे असतील, बदलीवर आलेले.

पानसुपारी:
शब्दचर्चाच चालू आहे म्हणून विचारते, ही सगळी सामग्री 'लोकसाहित्य' का? यात साहित्य कुठाय?

बोरू:
विद्यापीठांत तोच शब्द रुळलाय, दुर्गाबाई भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा'पासून पक्काच झाला. ओव्या-कहाण्यांना तो शोभतो. भुताला कोंबडा देण्याला नाही. अडगळ यांनी शीर्षकात 'लोकसमजुती' ठेवावं, कोणी भांडणार नाही.

अडगळ:
तेच ठेवते. प्रत्येक नोंदीत मूळ रोमन रूप, शेजारी देवनागरी, मग कळवणाऱ्याचं गाव आणि तेव्हाचा जिल्हा असं लावते आहे. मालवण, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, सावंतवाडी हे वेगळं संस्थान, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. आजचं नाव कंसात टाकेन. देवचाराला दोन अर्थ देते, आधी राखणदार.
अजून एक अडलंय. यादीत 'वीर' आहे, अविवाहित क्षत्रियाचा. होळीत नाचवतात ते वीर हेच का?

मालवणी मुलूख:
नाशकाकडे धुळवडीला घरोघरचे वीर काढतात, टाक घेऊन मिरवतात. ते पूर्वज. आमच्या शिमग्यात तसं काही नाही. तिकडच्या कोणीतरी सांगावं.