किरिबातीचा टूना : परवाना वजनावर न देता दिवसांवर का?

सागरिका (प्रश्न)
प्रशांत महासागरातील किरिबाती (तेथील उच्चार 'किरिबास') हा ३३ बेटांचा देश. जमीन जेमतेम ८११ चौरस किलोमीटर, पण हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर! तेथील टूना, म्हणजे आपल्या कुप्प्याच्या कुळातला मासा, बहुतांशी परदेशी पर्ससीन जहाजे (थव्याभोवती जाळे टाकून ते तळाशी आवळणारी) पकडतात, आणि सरकारचे मोठे उत्पन्न त्यांच्या परवान्यांतून येते. हा परवाना माशांच्या वजनावर न देता दिवसांवर का दिला जातो?

दर्यावर्दी
वजनासाठी जहाजाच्या स्वतःच्या नोंदीवर विसंबावे लागते. जहाज कोणत्या दिवशी कोणाच्या समुद्रात होते, हे मात्र उपग्रहावरून कळते. पण माझ्या मते खरे कारण सौदाशक्तीचे आहे. पूर्वी प्रत्येक देश एकटा बोलणी करी आणि जहाजमालक एकाचा दर दाखवून दुसऱ्याचा पाडत. १९८२ च्या नाउरू करारातील (प्रशांत बेटांच्या मासेमारीविषयीच्या करारातील) किरिबातीसह आठ देशांनी २००७ पासून वर्षाचे एकूण दिवस ठरवून ते आपसांत वाटून घेण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे किमान दरही बांधला. २०१५ मध्ये तो दिवसाला ८,००० डॉलरवर गेला. इतक्या छोट्या देशांनी एकजुटीने हे साधले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

खाडीकाठ
एक पुरवणी. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचे उबदार पाणी पूर्वेकडे पसरते तेव्हा, त्यामागोमाग स्किपजॅक जातीचा टूनाही पूर्वेकडे सरकतो, तेव्हा किरिबातीत जहाजांची गर्दी होते आणि पश्चिमेकडील पापुआ न्यू गिनीकडे ती ओसरते. सभासद देशांना दिवस एकमेकांना विकता येत असल्यामुळे मासा ज्याच्या समुद्रातून निघून गेला, त्याचेही उत्पन्न पूर्णपणे बुडत नाही.

भरती
दिवस मोजल्याने मासा मोजला जात नाही, हे विसरू नये. ८० मीटरहून लांब जहाजाचा एक दिवस दीड धरतात, ५० मीटरहून लहान जहाजाचा अर्धा. तरीही सोनार (ध्वनिलहरींनी मासे शोधणारे यंत्र) आणि मासे ज्यांच्याखाली गोळा होतात अशा तरंगत्या सांगाड्यांच्या जोरावर एका दिवसात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मासळी उपसता येते. शिवाय किरिबातीची राजधानी असलेल्या तारावाच्या खाजणात ती मोठ्या मालवाहू जहाजांत भरली जाते आणि पुष्कळशी थायलंडच्या कारखान्यांत डबाबंद होते, त्यामुळे कापण्या-शिजवण्याचा रोजगार बेटांवर फारसा उरत नाही. किरिबातीच्याच फिनिक्स बेटांभोवतीचे संरक्षित क्षेत्र २०१५ मध्ये व्यापारी मासेमारीला बंद केले होते. ते पुन्हा खुले करण्याचा निर्णय सरकारने २०२१ मध्ये घेतला, तो याच परवान्यांच्या उत्पन्नासाठी.