नॉमिनी आईच आहे, तरी मृत्युपत्र करायचं का?

तासगावकर:
बाबा 74 वर्षांचे. सावळजला आजोबांकडून आलेली दोन एकर द्राक्षबाग, आणि सांगलीत विश्रामबागला स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट. आम्ही दोघं भाऊ, बहीण मिरजेला दिलेली. फ्लॅट आईलाच राहावा असं बाबा सगळ्यांसमोर बोलतात. पण मृत्युपत्राचा विषय काढला की म्हणतात, "बँकेत, सोसायटीत तिचं नाव नॉमिनी लावलंय, अजून काय पाहिजे?" एवढं पुरेल का? आणि बागेचं काय?

सांगलीची काकू:
नाही पुरणार, बाळा. माझी उभी नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली. नॉमिनी म्हणून पैसे घेऊन गेलेल्या बाईला पोटच्या पोरांच्या नोटिसा आलेल्या मी पाहिल्यात, म्हणून तळमळीने सांगते. बँकेने किंवा सोसायटीने कुणाच्या हाती द्यायचं, एवढंच नॉमिनीचं काम. मालक कोण ते मृत्युपत्र ठरवतं, ते नसेल तर वारसा कायदा. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं.

बाबा काही न लिहिता गेले तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने फ्लॅटचे चार सारखे हिस्से होतात: आई, तुम्ही दोघं, बहीण. बाबांची आई हयात असेल तर तिचाही. उद्या दवाखान्यासाठी आईला तो विकायचा झाला तर तुम्हा सगळ्यांच्या सह्या लागतील. तिने त्या वयात कुणाकुणाची मनधरणी करायची?

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. बाबांची सही दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यांच्या सह्या बाबांसमोर. ज्यांना काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्या. नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या; सोबत बाबांचं डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही ठेवा.

बाग वडिलोपार्जित असेल तर बाबांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. 2005 च्या दुरुस्तीपासून बहिणीचा हक्क तुमच्याएवढाच आहे. तिला "जरा सही कर" म्हणून हक्कसोडपत्र पुढे करू नका. आधी तिला घरी बोलवा, सातबारा समोर ठेवा, मग काय ते ठरवा.

कोरेगावकर:
काकूंच्या बोलण्यात एक भर घालतो. साक्षीदार बाबांपेक्षा तरुण बघा. आमच्या चुलत्यांचे दोन्ही साक्षीदार त्यांच्याच वयाचे होते, दोघंही आधी गेले. मग त्यांचं अक्षर ओळखणारा माणूस कोर्टात उभा करता करता आमच्या नाकी नऊ आले.

तासगावकर:
काकू, बाबांना आज हे वाचून दाखवलं, ऐकून घेतलं त्यांनी. विचारतायत, आईच आधी गेली तर? आणि नंतर मन बदललं तर?

सांगलीची काकू:
पहिल्याचं उत्तर त्याच कागदात लिहायचं: पत्नी हयात नसल्यास फ्लॅट अमक्याला. आणि हयात असेपर्यंत त्यांना कितीदाही बदलता येतं, शेवटचं मृत्युपत्र खरं. नवीन करताना "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य घालायला सांग. बागेचे जुने फेरफार आधी तलाठ्याकडून काढून घ्या आणि वकिलाकडे जाताना सोबत न्या. आईलाही घेऊन जा. पण मृत्युपत्रात बाबा जे सांगतील तेच येऊ दे, तुम्ही भावांनी मध्ये बोलू नका.