अल्गोलचा सर्वांत मंद क्षण नुसत्या डोळ्यांनी कसा पकडायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार. ययाती तारकासमूहातला अल्गोल मी गेले दोन महिने नुसत्या डोळ्यांनी पाहतेय. डोळ्यांना ठिपका एकच दिसतो, पण आहे ती जोडी. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येतो आणि प्रत (ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद) 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरते.

हे पहिल्यांदा डोळ्यांदेखत घडलं ती रात्र मी विसरणार नाही. आठ वाजता अल्गोल देवयानीतल्या अल्माकच्या तोडीस तोड होता. साडेबाराला मान वर केली, तर शेजारच्या रो ययातीपेक्षा जेमतेम उजळ! ययातीचा सगळा आकारच बदलल्यासारखा वाटला. इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या हौशी आकाशनिरीक्षकाने 1782 च्या नोव्हेंबरपासून हेच पाहून पुढच्या वर्षी ग्रहणाची कल्पना मांडली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हतं. वर्णपटावरून जोडीचा पुरावा मिळायला मात्र 1889 उजाडलं.

आता अडचण. त्या रात्री सर्वांत मंद वेळ मी 12:40 लिहिली. एक वाजता ढग आले. पुढचं ग्रहण तिसऱ्या संध्याकाळी 9:29 ला यायला हवं होतं, माझ्या वहीत आलं 10:20. जवळजवळ तासाभराची चूक! दर अर्ध्या तासाने रो ययातीशी तुलना करत होते. चुकतंय कुठे?

प्रतिसाद

आधी रो ययाती सोडा. तो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा आहे, साधारण 3.3 ते 4.0 मध्ये हलतो. शिवाय तांबडा, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो आहे त्याहून उजळ भासतो. त्याऐवजी एप्सिलॉन (2.9), डेल्टा (3.0) आणि कॅपा ययाती (3.8) घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे: तळाची वेळ थेट शोधू नका. तळाजवळ तेज इतकं हळू बदलतं की डोळ्याला तासभर फरक कळत नाही. अल्गोल उतरताना डेल्टाइतका झाला ती वेळ लिहा, पुन्हा चढताना डेल्टाइतका झाला तीही लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे तुमचा क्षण. उतार-चढाव जवळपास सारखे असतात, म्हणून हे जमतं. ढगांमुळे तुमची पहिली रात्र अर्धीच राहिली, तेव्हा 12:40 वर पुढचं गणित उभं करू नका. आणि तुलनेचा तारा शक्यतो अल्गोलच्याच उंचीवरचा हवा. क्षितिजाजवळ हवा तेज खाते.

धागाकर्ती

मनापासून आभार! रो ययातीचं खरंच ठाऊक नव्हतं. वही काढून पाहिली: दुसऱ्या रात्री अल्गोलची डेल्टाशी तुलना दोनदा केली होती, 8:15 ला उतरताना आणि 10:50 ला चढताना. मध्य येतो 9:32!

सात आवर्तनं म्हणजे 20 दिवस 1 तास 43 मिनिटं. त्या हिशेबाने पुढची चांगली संधी रात्री सव्वाअकराच्या सुमारास आहे. आठ ते दोन बसले तर दोन्ही बाजू हाती लागतील ना? की सातलाच सुरुवात करू?